पाळकाचे काम उपदेशापुरते नाही
चर्चच्या पाळकाने, म्हणजे धर्मगुरूने, रविवारचा उपदेश तेवढा करावा, घरभेटी चर्चच्या कारभारी समितीतल्या पंचांवर सोपवाव्यात, असे मत मांडले जाते; ते मला मान्य नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात आमचे पाळकसाहेब सोलापूरच्या भर एप्रिलच्या उन्हात सायकलवरून येत, खाटेशेजारी स्टुलावर बसून बायबलमधले तेविसावे स्तोत्र हळू आवाजात वाचत, आणि वाचा गेलेली आई नुसते ओठ हलवून त्यांना साथ देई. हे काम समितीच्या ठरावाने होत नाही. हिशेब, इमारत, भाड्याचे वाद यांतून मात्र त्यांना मोकळे करायलाच हवे. बायबलच्या नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायातही पाळक नेमण्याचा हेतू पवित्र जनांना, म्हणजे मंडळीतल्या विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी सिद्ध करणे असाच सांगितला आहे. आमच्याकडे गळक्या छपरासाठी गवंडी शोधणेही त्यांच्याच गळ्यात पडते, आणि त्या दिवशीच्या घरभेटी राहून जातात.