मुलांचे शिक्षण आणि उपचार : अंतिम शब्द कोणाचा?

धागालेखक :
शाळा निवडण्याचा आणि उपचारांना संमती देण्याचा अधिकार कायदा पालकांना देतो तो मुलाच्या हितासाठी. मूल त्यांच्या मालकीचे आहे म्हणून नव्हे. १९८५ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने) गिलिक खटल्यात हेच मान्य केले : १६ वर्षांखालील मुलाला उपचाराचे स्वरूप आणि परिणाम नीट उमगत असतील, तर त्याची स्वतःची संमती पुरेशी ठरते. मूल जाणते होत जाईल तसतसा पालकांचा अधिकार ओसरत जावा, हे मला रास्त वाटते.

प्रतिसाद १ :
असहमत. हित कशात आहे हे ठरवणार कोण, हा कळीचा प्रश्न आपण बाजूलाच ठेवला आहे. १९२२ साली ऑरेगन राज्याने ८ ते १६ वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९२५ मध्ये हाणून पाडली नसती, तर खासगी शाळांना टाळेच लागले असते. अधिकारी फाइल मिटवून मोकळा होतो, निस्तरावे लागते ते आईबापांना.

धागालेखक :
निस्तरावे लागते ते आधी मुलाला. त्याच न्यायालयाने १९४४ मध्ये बजावले होते की, पालक श्रद्धेपायी स्वतः हुतात्मा होऊ शकतात, मुलांना हुतात्मा करू शकत नाहीत.

प्रतिसाद २ :
आपण दोघेही शाळा आणि रुग्णालय एकाच मापाने मोजत आहात. रक्त चढवू द्यायला पालकांनी नकार दिला, तर मूल काही तासांत दगावू शकते, म्हणून न्यायाधीशाला मध्यरात्रीही आदेश द्यावा लागतो. शाळा चुकली तर ती बदलायला बहुधा अवधी असतो. तरीही, अमेरिकेतल्या १९७२ च्या योडर खटल्यात आमिश या ख्रिस्ती पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलांची शाळा थांबवण्याची मुभा मिळाली, तेव्हा मुलांना स्वतःला काय हवे हे कोणी विचारले का, अशी हरकत न्या. डग्लस यांनी घेतली होती. तिला उत्तर मिळाले आहे असे मला वाटत नाही.

प्रतिसाद १ :
मुलांना विचारायचेच, तर त्यांचे ऐकणारही का? १९९२ साली इंग्लंडमध्ये स्वतःची उपासमार करण्याच्या विकाराने ग्रासलेल्या एका १६ वर्षांच्या मुलीने उपचार नाकारले आणि अपील न्यायालयाने तिचा नकार डावलला. तिचा जीव धोक्यात होता, त्यामुळे निकालाबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलाचा होकार ग्राह्य आणि नकार अग्राह्य असेल, तर पालकांकडून निसटलेला अधिकार मुलाकडे जात नाही, डॉक्टर आणि न्यायाधीश यांच्याकडे जातो.