‘उदासीन’ की ‘निष्प्रभ’? : साबण आणि धनायनी जंतुनाशकाच्या मिश्रणाविषयी

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या पशुपालकांसाठी गोठ्याच्या स्वच्छतेविषयी एक पत्रक लिहीत आहे. दुधाची भांडी साबणाने घासून ती नीट न विसळताच बेंझाल्कोनियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवली, तर जंतुनाशकाचा गुण जातो. मसुद्यात यासाठी ‘दोन्ही द्रव्ये एकमेकांना उदासीन करतात’ असे लिहिले आहे. हा शब्दप्रयोग योग्य ठरेल का?

उत्तर : जंतुनाशकापुरते बोलायचे असेल, तर ‘निष्प्रभ होते’ हे अचूक आहे. ‘उदासीन’ हा शब्द मात्र मी टाळीन, कारण आम्ल आणि अल्कली यांच्या अभिक्रियेतून तो आपल्या परिचयाचा झालेला असल्यामुळे, दोघांचाही गुण संपून मागे काहीच उरत नाही, असा समज त्यातून होतो.

प्रत्यक्षात साबण ऋणायनी (ऋणभारित) आणि हे जंतुनाशक धनायनी (धनभारित) पृष्ठसक्रिय द्रव्य, म्हणजे पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे द्रव्य, आहे. अशा द्रव्याच्या रेणूला भारित शीर्ष आणि पाणी टाळणारी शेपटी असते. विरुद्ध भारांमुळे त्यांची शीर्षे एकमेकांकडे ओढली जातात, पाणी टाळणाऱ्या शेपट्या एकत्र येतात, आणि शीर्षांजवळ अडकून राहिलेले सोडियम व क्लोराइड आयन पाण्यात मोकळे होतात. हे मोकळे होणेच या संयोगाला मोठे बळ देते. दोन्हींचे प्रमाण जवळपास समान असेल, तर बहुधा द्रावण गढूळ होऊन साका बसतो. एक द्रव्य बरेच अधिक असेल, तर मिश्र मिसेल (शेपट्या आत व शीर्षे बाहेर असलेले, दोन्ही द्रव्यांच्या रेणूंचे सूक्ष्म पुंजके) तयार होतात, आणि ते एकट्या द्रव्याला लागते त्यापेक्षा कितीतरी कमी संहतीला. २५ अंश सेल्सिअसला एकट्या सोडियम डोडेसिल सल्फेटची (साबणासारख्याच एका ऋणायनी द्रव्याची) ही मर्यादा, म्हणजे मिसेल बनण्यासाठी लागणारी किमान संहती, लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल असते. धनायनी जोडीदार मिळाला की ती झपाट्याने खाली येते. म्हणजे पृष्ठताण कमी करण्याचा गुण मिश्रणात उलट वाढतो! काही प्रमाणांत तर दुहेरी थराच्या पोकळ पुटिका आपोआप बनतात, हे रसायन अभियंते एरिक केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले.

म्हणून शास्त्रीय लेखनात ‘संयोग’ किंवा ‘आयन-जोडी’ लिहावे. पत्रकात मात्र ‘साका’ अवश्य ठेवावा, कारण तो शब्द घराघरांत समजतो. परंतु साका दिसला नाही म्हणजे जंतुनाशक शाबूत आहे, असे नव्हे (त्याचे रेणू मिश्र मिसेलांत अडकलेले असू शकतात), हेही त्याच वाक्यात यावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आता वाक्य असे केले आहे : ‘साबणाचा अंश उरला, तर जंतुनाशक निष्प्रभ होते, मग साका दिसो वा न दिसो, म्हणून भांडी आधी स्वच्छ पाण्याने खळखळून विसळावीत.’