चाळीस संगणक वाचवले, पण एकाचं तरी झाकण उघडलं का?

डाखवाला:
काल 'माळ्यावरचा' यांनी लिहिलं की एक प्रशिक्षण संस्था बंद पडली आणि तिच्या तळघरातले चाळीस जुने संगणक भंगाराच्या ट्रकमध्ये चढायच्या आत त्यांनी उचलले. एक कमोडोर ६४, एक बीबीसी मायक्रो, तीन अमिगा, ॲपलचे दोन मॅक एसई/३०, बाकी सगळे पीसी. फुकट आहेत, आधी येईल त्याचे, आणि दोन आठवड्यांत उरतील ते पुन्हा भंगारात. खाली पंचवीस जणांनी 'माझ्यासाठी एक ठेवा' लिहिलं. आतली बॅटरी काढली का, हे एकानेही विचारलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

एसई/३०च्या बोर्डावर ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते, बोटाच्या एका पेराएवढी. गेल्या वर्षी माझ्याकडे असाच एक 'वाचवलेला' मॅक दुरुस्तीला आला. मालकाने तो तीन वर्षं कपाटावर मांडला होता, दर आठवड्याला पुसायचा. मी मागचं झाकण काढलं तर मांडीवर तपकिरी चुरा पडला. बॅटरी फुटून तिची पकड गंजून गेली होती आणि बोर्डाच्या त्या कोपऱ्यात तांबं उरलंच नव्हतं. तो मॅक भंगारातून वाचला आणि कपाटावर मेला.

माळ्यावरचा, तुमच्या पोस्टमधल्या फोटोत अमिगा २००० उघडा दिसतोय. बॅटरीभोवती निळं-हिरवं पूट आहे, शेजारच्या चिपचे पाय काळवंडलेत. निकेल-कॅडमियम बॅटरीतून गळलेली ती अल्कली रोज पुढे सरकतेय. माझं म्हणणं एवढंच: जो महिन्याभरात यंत्र उघडेल त्यालाच द्या. आणि संच फोडू नका, म्हणजे यंत्र, त्याचा कीबोर्ड, मॉनिटर, डिस्क एकत्रच ठेवा.

माळ्यावरचा:
मला रात्री नऊला कळलं, ट्रक सकाळी आठला येणार होता. मी आणि भाचा, अकरा फेऱ्या, तळघराचा अरुंद जिना, हातात मॉनिटर. तेव्हा शिकवायला कुणी नव्हतं. आज माझ्या पलंगावर मॉनिटर आहेत आणि मी खाली झोपतो. दोन आठवड्यांची मुदत मी नाही काढली, घरच्यांनी दिली आहे. प्रत्येकाची परीक्षा घेत बसलो तर एकही यंत्र हलणार नाही. एका संग्रहालयालाही विचारलं, ही मॉडेलं आमच्याकडे आहेत, नकोत म्हणाले. आणि यंत्रं काही मेलेली नाहीत. काल बीबीसी मायक्रो लावला, आवाज आला, पडद्यावर अक्षरं आली. थोड्या वेळाने धूर निघाला म्हणून बंद केला.

डाखवाला:
धूर निघाला आणि तुम्ही ते असं जाता जाता सांगताय! तो पॉवर सप्लायमधला रिफा कंपनीचा कपॅसिटर, वीज साठवणारा छोटा भाग. त्याच्या कवचाला वयाने बारीक तडे जातात, ओल आत शिरते आणि वीज मिळाली की तो फुटतो. तुमचं नशीब, त्यात बहुतेक वेळा यंत्र वाचतं. पण कमोडोरला हात लावू नका, हात जोडतो. त्याचा मूळ पॉवर सप्लाय राळ ओतून बंद केलेला असतो. आतला दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर गेला की ५ व्होल्टच्या जागी जास्त दाब जातो आणि मेमरीच्या चिपा जळतात. चालतो का ते पाहायला म्हणून लावायचा आणि त्या पाहण्यातच तो जायचा.

रिकामा_स्लॉट:
मला दोघांचंही पटत नाही. विका. अगदी थोडी का होईना, किंमत लावा. मी एकदा अटारी एसटी हा जुना संगणक मॉनिटरसकट फुकट दिला. नेणाऱ्याने मॉनिटर ठेवला आणि यंत्र कचऱ्यात टाकलं. दुसरा एसटी विकला, तो घेणारा आजही त्याचे फोटो पाठवतो. खिशातून पैसे गेले की माणूस जपतो.
आणि संग्रहालय म्हणजे कायमचं घर, असंही धरू नका. पॉल ॲलन यांनी सिएटलमध्ये उभं केलेलं लिव्हिंग कॉम्प्युटर्स हे संगणकांचं संग्रहालय २०२०मध्ये बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही. २०२४मध्ये त्यातल्या वस्तू लिलावात गेल्या.

कळफलक:
पैसे मोजणारे कोण येतात ते मी पाहिलंय. आयबीएमचा एक्सटी हा जुना पीसी अख्खा नेतात, त्याचा मॉडेल एफ कीबोर्ड काढून घेतात आणि धड टाकून देतात. त्या पीसीला नंतरचा एटी कीबोर्ड चालत नाही, म्हणजे तो कायमचा मुका. काहींना पेंटियम प्रो हा प्रोसेसर फक्त त्यातल्या सोन्यासाठी हवा असतो, आम्लात टाकतात. डाखवाला यांची भाषा मला आवडली नाही, पण संच फोडू नका हे शंभर टक्के खरं.

जुनी_फीत:
सगळे बॅटरीत अडकलाय. त्या तीसेक पीसींच्या हार्ड डिस्कचं काय? कृपा करून पुसू नका. माझे वडील गेल्यावर आईने त्यांचा पीसी देऊन टाकला. पाच वर्षांनी नेणाऱ्याचा फोन आला: डिस्कवर पत्रं आहेत, तुम्हाला हवीत का? त्यात वडिलांनी मला लिहून न पाठवलेलं एक पत्र होतं. त्या माणसाने डिस्क पुसली असती तर ते मला कधीच दिसलं नसतं.

बंद_कप्पा:
तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, पण याच्या अगदी उलटही घडतं. मी विकलेल्या पीसीतून एकाने माझ्या आजारपणाच्या नोंदी काढल्या आणि 'जुन्या डिस्कवर काय सापडलं बघा' म्हणून लोकांना दाखवल्या. नाव झाकलं होतं, तारखा झाकल्या नव्हत्या. माझ्या ओळखीच्यांनी मला बरोबर ओळखलं. प्रशिक्षण संस्थेच्या डिस्कवर कितीतरी मुलांचे अर्ज, पत्ते, गुण असतील. ते वाचायचा हक्क वाचवणाऱ्याला कुणी दिला? पुसा, आणि कुणाच्या हाती जायच्या आत पुसा.

जुनी_फीत:
सगळंच पुसत गेलो असतो तर चित्रकार अँडी वॉरहॉलची १९८५मध्ये अमिगावर काढलेली चित्रं २०१४मध्ये फ्लॉप्यांतून बाहेर आली असती का? चंद्राचे फोटो काढणाऱ्या नासाच्या ल्यूनार ऑर्बिटर यानांच्या १९६६-६७च्या फिती वाचता आल्या, कारण नॅन्सी एव्हान्स यांनी त्या वाचणारी अँपेक्सची अवजड यंत्रं स्वतःच्या गॅरेजात सांभाळली. आज ज्याला कचरा म्हणतो, तो वाचायला उद्या हेच यंत्र लागतं.

बंद_कप्पा:
वॉरहॉलच्या फ्लॉप्या त्याच्याच नावाच्या संग्रहालयात होत्या, परवानगी देणारं कुणीतरी होतं. माझ्या डिस्कसाठी मला कुणी विचारलं? चंद्राचे फोटो आणि माझे रक्ताचे रिपोर्ट एका तागडीत घालू नका. राग येतो मला.

जुनी_फीत:
येऊ द्या. मलाही येतो, पुसा पुसा म्हणणाऱ्यांचा. पण परवानगीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे मान्य. मग असं करा: ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर आणि शिकवायच्या सॉफ्टवेअरच्या प्रती काढा, माणसांच्या फाइली उघडू नका. संस्था चालवणारं कुणी सापडलं तर डिस्क त्यांच्या हाती द्या.

बंद_कप्पा:
'उघडू नका' वर माझा भरवसा नाही. डिस्क यंत्रासोबत जाऊ नयेत, एवढं तरी करा.

डाखवाला:
डिस्क काढली तर संच फुटतो, हे मला बोचतंय. जुन्या पीसीच्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, त्या डिस्कचा प्रकार हाताने भरलेला असतो, मूळ डिस्क गेली की पुढचा माणूस आठवडाभर डोकं धरून बसतो. पण बंद_कप्पा यांचं वाचल्यावर हट्ट धरवत नाही. काढा. डिस्कवरच्या लेबलाचे आकडे कागदावर लिहून यंत्राच्या आत चिकटवा.

माळ्यावरचा:
काल रात्री भाच्यासोबत एकेक झाकण उघडलं. दोन मॅकपैकी एकाची बॅटरी शाबूत निघाली, दुसरीच्या टोकाशी ओल आली होती. दोन्ही काढल्या. अमिगा २०००ची बॅटरी कापून काढली, खालचं पूट व्हिनेगर लावलेल्या ब्रशने घासलं, मग स्पिरिटने पुसलं. चिपचा एक पाय हातात आला. म्हणजे तुमचं बरोबर होतं, लिहून टाकतो. पण आठवडाभर आधी तो ट्रकमध्ये असता, हेही तुम्ही लिहा. डिस्क एका खोक्यात वेगळ्या ठेवल्यात, कुणाला देणार नाही. 'एक ठेवा' म्हणणाऱ्या पंचवीस जणांना विचारलं, उघडणार का? नऊ जणांनी हो म्हटलं. आता उरलेल्या यंत्रांचं काय करू ते सांगा.

डाखवाला:
आधी आभार मानायला हवे होते, ते राहिलं. अकरा फेऱ्या मी मारल्या नाहीत. अमिगा २००० मला द्या, पाय तुटलेली चिपही जपून ठेवा, सॉकेट बसवून बघतो. बीबीसी मायक्रोचा पॉवर सप्लाय घेऊन येतो आणि दुरुस्त करून परत देतो. दहा-बारा पीसी माझ्या कामाच्या खोलीत उभे राहतील, घरं मिळेपर्यंत राहू देत. शनिवारी गाडी घेऊन येतोय. एक्सटीचे कीबोर्ड त्यांच्या त्यांच्या यंत्राला दोरीने बांधून ठेवा, आणि कमोडोरची पिन अजून भिंतीत असेल तर आत्ता काढा.