कापडाचं घर, पण शिल्पच

कोरियन शिल्पकार डो हो सूचं काम म्हणजे झिरझिरीत कापडाचे तंबू, त्यात शिल्प कुठंय, असं काहीजण म्हणतात. फोटोत तसं वाटतं खरं, पण अहो तो माणूस राहिलेल्या घराची भिंत न् भिंत मोजतो आणि मग स्विच, नळ, बिजागऱ्या, दाराची कडी सगळं त्याच मापात कापडातून शिवून उभं करतो. सोलमधल्या आईवडिलांच्या पारंपरिक घराचं रेशमी रूप त्याने १९९९ मध्ये केलं, त्यासाठी कोरियन पद्धतीची शिवण मुद्दाम शिकला आणि ती येणाऱ्या बायका शोधायला आईने मदत केली. दगड नाही, वजन नाही म्हणून शिल्प नाही हे मला तरी पटत नाही, उलट घर घडी घालून सुटकेसमध्ये नेता येतं यातच सगळी गंमत आहे ना!

माझं आवडतं मात्र त्याचं 'रबिंग/लव्हिंग' हे काम. न्यूयॉर्कचं भाड्याचं घर सोडताना ते आतून कागदाने मढवलं आणि रंगीत पेन्सिलीने घासत बसला, स्विचच्या कडा, कपाटाच्या मुठीसुद्धा उमटल्या. (घरमालकाने डिपॉझिट दिलं असेल का कोण जाणे!) कापडवाल्या कामांपेक्षा यात हात जास्त दिसतो, निदान मला तरी.