संथ जगायला पोर्तुगाल कशाला? सोलापूर काय वाईट आहे?

बाळीवेसकर:
माझा थोरला भाऊ आणि वहिनी पुण्यातली आयटीची नोकरी सोडून पोर्तुगालला, ब्रागा गावी कायमचे निघालेत. दोघंही पन्नाशीच्या आतले. दोन फ्लॅटचं भाडं आणि ठेवींचं व्याज यावर तिथला डी७ व्हिसा मिळतो. तिथल्या किमान पगाराएवढं उत्पन्न दाखवायचं, बायकोसाठी त्याच्या निम्मं आणखी. २०२५ च्या हिशेबानं दोघांचे महिन्याला १,३०५ युरो. कारण विचारलं तर म्हणतात, "आता संथ जगायचंय."

संथच जगायचं तर सोलापुरात बाळीवेशीतलं घर आहे की! तलावाकाठी दोन तास बसलं तरी इथं कुणी उठवत नाही. दादा दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजामागं चालतो. परवा आईनं त्याची बाराबंदी, म्हणजे यात्रेत घालायचा बंदांचा पांढरा अंगरखा, ट्रंकेतून काढली, नीळ घालून वाळवली. एक बंद उसवला होता, तो चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुईत स्वतः दोरा ओवून शिवला. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. मला हे अजिबात पटत नाही.

जुळे सोलापूरची सून:
सोलापूर संथ आहे, पण कुणासाठी? आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या रात्री अडीचला मी उठते, मोटर लावते. आधी पिण्याचं, मग टाकी, मग बॅरल. सगळं भरेस्तोवर पाच वाजतात, की डब्याची कणीक. तलावाकाठी निवांत किती वेळा बसले, ते बोटावर मोजता येईल. तुमच्या वहिनींना कधी विचारलंत? बाळीवेशीत त्या आल्या की सगळ्यांच्या सूनबाई होतात. जिथं कुणी ओळखत नाही तिथं जावंसं वाटलं तर त्यात काय चुकलं?

गिरणगावचा:
ताईंशी सहमत. माझे वडील गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या आणि हे गाव संथ झालं. भोंगे थांबले म्हणून आलेली ही शांतता आहे, तिचं कौतुक मला ऐकवत नाही. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस धरून पोरं पुण्याला जातात, ती काय हौसेनं? आणि परदेशी जाणं म्हणजे पाप नव्हे. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले, १९४२ ला तिथंच वारले. त्यांच्या नावानं आपण छाती फुगवतोच ना?

बाळीवेसकर:
कोटणीस जखमी सैनिकांसाठी गेले होते. ती तुलना कृपया नको. ताईंचं पाण्याचं मात्र लागलं मनाला. आमच्याकडं पाण्याला आईच उठते.

पोर्तोहून परतलेला:
तिथं पाच वर्षं काढलीत, म्हणून लिहितो. संथपणा खरा आहे. दुपारचं जेवण दीड तास चालतं आणि त्याबद्दल कुणाला अपराधी वाटत नाही. पण उत्तरेत हिवाळाभर पाऊस, जुन्या घरांत हीटिंग नसतं, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. तिथं राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख मिळायला मला अकरा महिने लागले. महत्त्वाचं म्हणजे पहिला परवाना दोन वर्षांचा, आणि सबळ कारणाशिवाय सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहता येत नाही. आईचं आजारपण लांबलं तर कागदपत्रं जोडत बसावं लागेल. हे दादांना आत्ताच सांगा.

जुळे सोलापूरची सून:
हे सगळं ठीक, पण आईंना अंधारात ठेवणं सगळ्यात वाईट. बाराबंदीला नीळ घालतात त्या, आणि घरात सगळ्यांना माहीत! तुम्हीही त्यातलेच झालात.

बाळीवेसकर:
काल दादाला फोन करून बोलावलं. तो रात्री आला, आईसमोर बसून त्यानंच सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग विचारलं, "तिथं पाणी रोज येतं का?" तो हो म्हणाला. आज सकाळपासून शेंगा भाजतीय. माझं मत बदललेलं नाही, मी त्याला तसं तोंडावर सांगितलंय. पण चटणी विमानात नेऊ देतात का?

पोर्तोहून परतलेला:
नेऊ देतात. मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. कडक भाकरीही चालते. तूप-खवा देऊ नका, दुधाचे पदार्थ तिथं काढून घेतात.