मदत हवी आहे: रंगीत काचेच्या तावदानातल्या शिशाच्या पट्ट्या

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. आमच्या जुन्या घरात माजघराच्या दारावर एक रंगीत काचेचं तावदान आहे, साधारण दोन फूट बाय दीड फूट. बेळगावात कॅम्पातल्या एका बंगल्याचं सामान निघालं तेव्हा आजोबांनी ते घेतलं आणि पोत्यात गुंडाळून बसच्या टपावरून आणलं असं आज्जी सांगते. मधे निळं फूल आहे, सकाळी नऊच्या सुमाराला त्या फुलाचा उजेड बरोबर देवघराच्या उंबऱ्यावर पडतो, लहानपणी आम्ही सगळी भावंडं त्यात हात धरून बसायचो.

आता त्याला मधोमध पोट आलंय. काच एक कोपऱ्यातली हिरवी सोडली तर एकही फुटलेली नाही, पण काचा धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्याच गेल्यात. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पट्टी आडवी कापून बघितली तर इंग्रजी एच दिसतो, दोन्ही बाजूच्या खाचेत काच बसते, मधली भिंत दीडेक मिलिमीटरची, आणि कडेची पट्टी यू सारखी. वळणावर चिरा पडल्यात आणि पांढरी पूड धरलीय. आतली लांबी (फटी बुजवायची पुट्टी) वाळून पडली त्यामुळं गेल्या पावसाळ्यात पाणी आत आलं.

अ‍ॅल्युमिनियमवाल्याला दाखवलं तर म्हणतो सगळं काढा, एका काचेवर सिलिकॉननं चिकटवून देतो. मला ते नको आहे. आज्जीचं वय ८४, तिला ते होतं तसंच दिसायला पाहिजे.

मग मीच बसलो, शंभर वॅटचं सोल्डरिंग आणलं आणि रेडिओ दुरुस्तीची तार. कथील काय धरतच नव्हतं, गोळी होऊन खाली घरंगळायचं, म्हणून जरा जास्त वेळ टेकवलं तर डोळ्यासमोर पट्टीच वितळली, सांध्याच्या जागी भोक. जीव कळवळला अगदी, तेव्हापासून हात लावला नाही.

तर माझं विचारणं असं की जुनीच पट्टी परत वापरता येईल का? उद्यमबागेत फाउंड्रीतला मित्र शिसं ओतून पट्टी करून देतो म्हणतोय, घरात जुन्या बॅटऱ्या पण आहेत, ते शिसं चालेल काय? का सरळ ती तांब्याची चिकट पट्टी मिळते ती वापरू? मिरगाच्या आत बसवायचं आहे, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

प्रतिसाद:
दादा, मी कोल्हापुरात हे काम करते. आधी ती पांढरी पूड कोरडी घासू नका, शिशाचं विष आहे ते, ओल्या फडक्यानं पुसा, हातमोजे घाला आणि ते काम स्वयंपाकघरात तर अजिबात नको. तुमचं शिसं वितळलं कारण ते ३२७ अंशाला वितळतं, आणि साठ-चाळीसचं (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) डाखायचं कथील १९० च्या आतच पातळ होतं. म्हणजे टोक तापवायचं मधल्या अंतरात, शंभर वॅटचं रेग्युलेटरशिवाय वापरलं की त्याच्या वर जातंच. आणि धरत नव्हतं ते काळपटपणामुळं, सांधा तारेच्या ब्रशनं चकचकीत करा (नव्या पट्टीवर, जुनीवर नको), फ्लक्स (कथील धरावं म्हणून लावतात ते) लावा, टोक क्षणभर टेकवा आणि उचला.

जुनी पट्टी परत नको, चिरलेली पुन्हा चिरणार. ओतून नुसती सळई मिळते, खाच पाडायला दातेरी चाकांचं मशीन लागतं. बॅटरीचं तर नकोच. या एच पट्टीला इंग्रजीत लेड केम म्हणतात, त्या नावानं ऑनलाइन शोधा, तयार मिळते. वापरायच्या आधी एक टोक शिकंज्यात धरून पक्कडीनं ओढायची, सरळ आणि ताठ होते. तांब्याची पट्टी पातळ असते, काचांमधलं अंतर कमी होऊन अख्खं तावदानच लहान होईल आणि चौकटीत ढिलं बसेल.

उघडण्याआधी वर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं घासून ठसा घ्या, काचांना नंबर टाका.

ताई, लई उपकार झाले. ठसा आजच घेतला, काचा मोजल्या तर ४३ निघाल्या. शेवटी लांबी कसली भरायची तेवढं सांगा.

खडूची भुकटी, जवसाचं तेल आणि थोडी काजळी. ब्रशनं खाचेत दाबून भरा, वरून कोरडी भुकटी टाकून घासा. पंधरा दिवस आडवं ठेवा, लगेच उभं केलं तर परत पोट येईल.