‘पाणी वापर संस्था म्हणजे कागदी घोडे’ म्हणणाऱ्यांनी एकदा टेलला येऊन बघावं

टेलचा_माणूस

पाट-चाऱ्या शेतकऱ्यांनीच चालवायच्या त्या पाणी वापर संस्थांबद्दल परवा इथंच एकानं ठोकून दिलं: "शेतकऱ्यांना पाणी सांभाळता येत नाही. पाट ताब्यात दिला की हेडवाले (पाटाच्या तोंडाचे) ऊस लावतात, टेलवाले (शेवटाचे) मोर्चे काढतात. या संस्थांचा २००५ चा कायदा म्हणजे कागदी घोडे. मीटर बसवा, कंपनीला चालवायला द्या, विषय संपवा." खाली अंगठ्यांची रांग. त्या अंगठेवाल्यांपैकी किती जणांनी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन चारी धरली आहे?

आमचं शेत मायनरच्या, म्हणजे छोट्या उपकालव्याच्या, पार शेवटाला. पाटबंधारे खात्याच्या काळात शेजपाळीचा (कुणाला कधी पाणी, त्याचा) कागद यायचा, पाणी यायचं नाही. वडील नमुना सातचा पाणीमागणीचा अर्ज वेळेत भरायचे, पाळी लागायची आणि पाळीच्या दिवशी चारीत बेडूक. वर कुणीतरी दारात पोतं घालून पाणी वळवलेलं असायचं. पाटकऱ्याला विचारलं की तो आभाळाकडं बघायचा.

संस्था झाल्यावर पहिल्या आवर्तनाला ठराव केला, भिजवणं टेलकडून सुरू. शेवटचा गट भिजल्याशिवाय हेडचं दार उघडायचं नाही. तीन रात्री पहारा दिला. हेडला माझीच चुलतभावकी. त्या वर्षी त्यांच्याकडच्या लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही. पण वडिलांनी जन्मात पहिल्यांदा पाटाच्या पाण्यावर गहू काढला.

आणि नाशिककडचा वाघाड प्रकल्प काय कागदावर झाला? १९९१ ला ओझरला सुरुवात केली ती टेलच्याच लोकांनी, तीन संस्थांनी. पुढं चोवीस संस्था आणि अख्खा प्रकल्प शेतकऱ्यांकडं. त्यांना कुठली कंपनी लागली नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

आलं वाघाड! वीस वर्षं प्रत्येक कार्यशाळेत हेच ऐकतोय. मान्य, काम अस्सल आहे. पण वाघाड उभं करणारे बापू उपाध्ये आणि भरत कावळे काही दर मायनरवर जन्माला येत नाहीत. बाकी राज्यात किती संस्था नोंदणीच्या फोटोपुरत्या आहेत तेही लिहा की.

मी बत्तीस वर्षं कालव्यावर काढली. पाणी मोजून द्यायचं म्हणून एका संस्थेच्या तोंडाशी फ्ल्यूम बांधून दिला. महिन्यानं गेलो तर मोजपट्टीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक चिकटवलेला आणि फ्ल्यूमच्या कडेला शेळी बांधलेली. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, अंदाजानं लिहा."

टेलचा_माणूस

साहेब, शेळीची गोष्ट झकास. आता आमची ऐका. हस्तांतराआधी संयुक्त पाहणी करून चारी दुरुस्त करून द्यायची असते. आमच्या चारीला कागदावर गिलावा झाला. प्रत्यक्षात खेकड्यांची बिळं होती तशीच. गळकी बादली हातात द्यायची आणि पाणी सांडलं म्हणून ओरडायचं!

निवृत्त_शाखाधिकारी

तसं झालं असेल. झालंच असेल. माझ्या सेक्शनला चौदा पदं, भरलेली पाच. गिलावा मी हातानं करायचा होता काय?

विहीरवाले_आबा

तुमचं चालू द्या. मला एकच सांगा, मी पाटाचं थेंबभर पाणी घेत नाही, तरी संस्था माझ्याकडं वर्गणी मागते. कशाबद्दल? विहीर माझ्या वडिलांनी ७२ च्या दुष्काळात फोडली. सुरुंग त्यांचे, घाम त्यांचा. पाट माझ्या बांधावरून वाहतो, हा माझा गुन्हा?

टेलचा_माणूस

आबा, पाट वाहिला की विहिरीला पाणी चढतं, आणि ते आमच्या मोजलेल्या कोट्यातलं मुरतं. वाघाडवाल्यांनी तर ओढ्यांवर बांध घालून मुद्दाम पाणी मुरवलं, विहिरी भरल्या आणि तेही संस्थेच्या हिशेबात धरलं. तुम्हाला फुकट पाहिजे.

विहीरवाले_आबा

मुरलेल्या पाण्यावर नाव लिहिलेलं असतं का? उद्या पावसाचंही बिल द्याल.

द्राक्षबाग

म्हणून तर म्हणतो, कालव्याला अस्तरीकरण (आतून सिमेंट) करा, खाली बंद नळी टाका. गळती नाही, चोरी नाही, आबांचा प्रश्नही नाही.

विहीरवाले_आबा

हां, म्हणजे माझी विहीर मारा! नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला बारामती-इंदापूरकडं लोक आडवे का गेले, माहीत आहे ना?

टेलचा_माणूस

बघा, कबूल केलंत. अस्तर लागलं की विहीर मरते म्हणजे ती पाटावरच जगते. मग थेंबभर पाणी घेत नाही ते कुठलं?

विहीरवाले_आबा

वकिली करू नकोस. तुझ्या वयाइतकी वर्षं मी मोटर चालवतोय.

द्राक्षबाग

आबा, वयाचा आणि पाण्याचा काय संबंध? माझ्या बागेला ठिबक आहे. कर्ज काढून शेततळं केलं, कागद अंथरला. मला पाणी वेळेवर पाहिजे, ते संस्थेनं द्यावं की नळीनं, मला फरक पडत नाही. तुम्ही पाटपाणी देऊन अर्धं जमिनीत घालवता आणि वर संस्कृती सांगता.

टेलचा_माणूस

शेततळं आवर्तनातच भरता ना? रात्री, मोटर लावून? त्याचं मोजमाप कोण करतं, तेही सांगा.

द्राक्षबाग

वैयक्तिक जाऊ नका.

मोसमकाठची

तुमचं विहीर-पुराण वाचून दमले. माझं माहेर मोसम नदीकाठच्या फडातलं, म्हणजे गावानं मिळून चालवायच्या जुन्या पाटपाण्यातलं. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि एका फडात एकच पीक. चार फड, प्रत्येकाची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात, म्हणजे हेड-टेलचं दुखणं मुळातच कमी. पाणी पाटकरी सोडणार, राखण जागल्या करणार. मालकानं स्वतः दाराला हात लावायचा नाही. तीन-चारशे वर्षं हे चाललं, खात्याशिवाय.

मोडलं कशानं? वर धरणं झाली, नदी आटली, ज्याला जमलं त्यानं विहीर पाडली. विहीरवाल्याला फडाची गरज उरली नाही. आबा, राग मानू नका, पण माझे काका अगदी तुमच्यासारखंच बोलायचे.

पुणेरी_निरीक्षक

मूळ प्रश्न ऊस आहे. ऊस बंद करा, सगळं आपोआप सुटेल.

मोसमकाठची

आमच्या फडातही ऊस असायचा हो, पण एका फडापुरता, ठरवून. आणि तुमच्या सोसायटीत टँकर कुठून येतो, ते आधी विचारून या.

पुणेरी_निरीक्षक

विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावला पाणी पंचायतीत, म्हणजे लोकांनी मिळून पाणी वाटून घ्यायच्या योजनेत, ऊस बंद ठेवलाच होता ना? पाणी जमिनीवर नाही, माणसांवर: माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही हक्क. मग आता का जमत नाही?

निवृत्त_शाखाधिकारी

कारण ती पंचायत लोकांनी आधी मान्य केली आणि पाणी नंतर उचललं. योजनेचा वाटा खिशातून भरलेला होता. २००५ च्या कायद्यात उलट आहे, कोटा ठरला की त्यात कोणतं पीक घ्यायचं ते शेतकऱ्याचं. त्यामुळं "ऊस बंद करा" हे कुणाला सांगणार? आंध्रानं १९९७ मध्ये कायदा करून एका झटक्यात १० हजारांवर संस्था उभ्या केल्या. वरून आलेल्या संस्थेत लोक निवडणुकीला येतात, गाळ काढायला येत नाहीत. नेपाळात बुटवलजवळ तिनाऊ नदीवर छत्तीस मौजा ही शेतकऱ्यांनीच चालवलेली पाटव्यवस्था आहे, तिथं ज्याला जेवढं पाणी, त्याचे तेवढे गडी गाळ काढायला. एवढं साधं.

टेलचा_माणूस

साहेब, तुम्ही आता माझ्याच बाजूनं बोलताय.

निवृत्त_शाखाधिकारी

मी कुणाच्या बाजूनं बोलत नाही. शेळीचा मुद्दा कायम आहे.

मोसमकाठची

शेवटचं एक. आमच्या संस्थेत कायद्यानं एक बाई संचालक, ती मी. सभेची वेळ रात्री नऊ, देवळात. सासू म्हणाली, "सही घरी पाठवतात." खरंच रजिस्टर घरी आलं, सही करायची जागा पेन्सिलीनं फुली मारून दाखवलेली. मी पानं उलटून मागचे ठराव वाचले. तेव्हापासून रजिस्टर येत नाही, निरोप येतो.

विहीरवाले_आबा

बरं, मी न्यायाचा माणूस आहे. पाट बंद आहे तोवर विहिरीत दोर सोडून हात मोजून ठेवतो. पाट सुटला की परत मोजीन. बघू कोण खोटं ते.

*(बारा दिवसांनी)*

विहीरवाले_आबा

पाट सुटून सहा दिवस झाले. पाणी चार हात वर. पावसानंही चढलं असेल.

टेलचा_माणूस

आबा, एप्रिल चालू आहे.

विहीरवाले_आबा

अवकाळी पडला होता. थोडा. वर्गणी काही देणार नाही. मोजायला दोर मात्र नवा घ्यावा लागला, त्याची पावती संस्थेकडं पाठवतोय.